आधी ताण, मग खत

महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि बिरवाडीत भाड्याने घर घेतलं. परसात मोगऱ्याची तीन जुनी झुडपं होती. पहिल्या वर्षी माघापासून मी त्यांना रोज पाणी दिलं, आठवड्याला मूठ मूठ युरिया टाकला. पाला एवढा माजला की मागचा गडगा दिसेना. चैत्र सरला तरी कळ्या बोटांवर मोजण्याइतक्याच. आईच्या अंगणात ओंजळीने फुलं तोडलेली मी. मला फार लागलं ते.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगो, तू ह्याला भूक लागूच देत नाहीस. पौषात पाणी तोड. आधी ताण, मग खत."

डाळिंबाला ताण देऊन बहार धरतात, हे ऐकून होते. मोगऱ्याचंही तसंच आहे. त्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या शेंड्यावर. पाणी तोडलं की वाढ थांबते. मग छाटून खत-पाणी दिलं की सगळ्या डोळ्यांतून एकदम फूट निघते. नुसता युरिया मात्र पाल्यालाच जातो.

पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर पाणी बंद केलं. पानं पिवळी पडून गळताना पाहवत नव्हतं, दोनदा हात बादलीकडे गेला. जानेवारीच्या मध्यावर झुडपं गुडघ्याएवढी ठेवून छाटली, आळी उकरून चार दिवस उन्हं खाऊ दिली. मग प्रत्येकाला 10 किलो कुजलेलं शेणखत, दोन मुठी हाडांचा चुरा, ओंजळभर निंबोळी पेंड. चुलीची राख पंधरा दिवसांनी, वेगळी. आपली माती जांभ्याची, आंबट. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. नत्र नि पालाश वाहून जातं आणि स्फुरद मातीतलं लोह धरून बसतं. म्हणून शेणखताला इथे पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

फाल्गुनात तांबूस कोंब दिसले. पाडव्यानंतर शेंड्याशेंड्याला तीन-तीन कळ्या! दुसरी पाळी संपवून रात्री घरी आले, तर दिवसभर नाकात बसलेला कारखान्याचा वास गडग्यापाशीच मागे पडला. अंधारातच पदर पसरून फुलं खुडली आणि मावशींच्या ओटीवर केळीच्या पानात ठेवून आले.