पैसे कमी करा, घर बंद करू नका

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी लिहितोय. पोरांनीही वाचा.

माझा मुलगा बीएस्सी ॲग्री. 2017 ला एमपीएससीसाठी पुण्याला गेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, मेस, अभ्यासिका. महिन्याला सरासरी 8 हजार धरा, आठ वर्षांत साडेसात लाखांच्या वर गेले. सोयाबीनच्या पट्टीतून. पोरगा उनाड नाही. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, थोडक्यात हुकला.

2016 ला खुल्या गटाची वयोमर्यादा 33 वरून 38 झाली, मागास प्रवर्गाची 43. सवलत म्हणून चांगलंच आहे. पण थांबायचं कधी, हे 38 चा आकडा सांगत नाही. ते घरालाच ठरवावं लागतं.

त्यात तारखांचा घोळ. 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वपरीक्षा आयबीपीएसच्या पेपरच्याच दिवशी आली. पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली, परीक्षा 1 डिसेंबरला गेली. पोरांची मागणी रास्तच होती. पण पुढे गेलेल्या प्रत्येक तारखेचं खोलीभाडं गावाकडचा बाप भरतो, हे मुंबईत बसलेल्यांना कोण सांगणार?

त्या पूर्वपरीक्षेतच तो राहिला. पाडव्याला घरी आला तेव्हा वहीत लिहूनच ठरवलं. जूनपर्यंत पूर्ण पैसे. दिवाळीपर्यंत निम्मे. नंतर बंद. परीक्षेची फी आणि पुस्तकं मात्र माझ्याकडे. आणि घरी जेवायला, राहायला कधीही ये, कुणी काही विचारणार नाही.

तीन आठवडे बोलला नाही. त्याची आई रडली, "तोंडचा घास काढताय" म्हणाली. भीती मलाही होती. रात्री-बेरात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. म्हणून रोज एक फोन करायचो, अभ्यासाचा विषय न काढता. पाऊस, म्हैस, बाजारभाव, काहीही.

सप्टेंबरात तो तालुक्याला ठिबकच्या डीलरकडे लागला. पगार 14 हजार. रात्री तासभर वाचतो, पुढचा फॉर्मही भरणार आहे. अजून लग्नकार्याला यायचं टाळतो. कारण मांडवात पहिला प्रश्न ठरलेला, "काय, लागला का नाही?"

एकदम पैसे तोडले तर पोरगं तुटतं. तसेच देत राहिलो तर ते 38 चं होतं. मधला रस्ता तारखेचा आहे. तारीख आधी सांगा, लिहून ठेवा आणि पाळा.

सरकारकडे मागणी एकच, वर्षाचं वेळापत्रक द्या आणि ते पाळा. आणि गावकऱ्यांनो, तो "लागला का" तेवढा बंद करा. "जेवलास का" विचारा.

तुमच्या घरात कसं ठरलं? कमेंटमध्ये लिहा. कुणाला तरी उपयोग होईल.