आभाळाचं पाणी

क्रेटर लेक दुरून दिसत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या दक्षिण भागात पाइन आणि हेमलॉकच्या रानातून रस्ता वर चढत राहतो, कडेला करडी, भुसभुशीत माती दिसते, आणि अगदी कड्याच्या कठड्याशी जाईपर्यंत पुढे पाणी आहे याचा मागमूसही लागत नाही. मग एकाएकी पायाखालची जमीन संपते आणि खूप खाली ते निळं उघडतं. मोरपिसाच्या डोळ्यातला सगळ्यात आतला निळा रंग असतो, तसं. हात आपोआप जोडले जातात.

इथे एके काळी सुमारे ३,७०० मीटर उंचीचा माझामा पर्वत होता. साधारण ७,७०० वर्षांपूर्वी त्याच्या पोटातला लाव्हा उसळून बाहेर पडला, आतला आधार गेला आणि शिखर स्वतःच्याच पोटात कोसळलं. इथल्या मूळ रहिवासी क्लामथ लोकांच्या कथेत हे पाताळाचा स्वामी लाओ आणि वरच्या जगाचा स्वामी स्केल यांचं युद्ध आहे. या भागात माणसं त्याआधीपासून होती. फोर्ट रॉकच्या गुहेत झुडपाच्या सालीच्या विणलेल्या वहाणा सापडल्या, त्या याच पर्वताच्या राखेच्या थराखाली. क्लामथांची तरुण मुलं दृष्टान्तासाठी या कड्यांवर येत. त्यांना हे स्थळ पवित्र वाटलं यात नवल नाही; मला तर इथे मोठ्यानं बोलवत नव्हतं.

या सरोवराला एकही नदी येऊन मिळत नाही, एकही इथून निघत नाही. जे आहे ते पावसाचं आणि बर्फाचं. वर्षाला दहा मीटरहून जास्त हिम इथे पडतं. त्या रिकाम्या विवरात आभाळ थेंबाथेंबानं साठत गेलं, सातेकशे वर्षं, आणि ५९४ मीटर खोल पाणी उभं राहिलं. अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. आता जेवढं पडतं तेवढंच वाफेनं आणि झिरपून जातं. गाळ आणणारा प्रवाह नाही, म्हणून प्रकाश खोलवर जातो. लाल-पिवळे रंग पाण्यात विरतात आणि निळा तेवढा परत येतो. आपलं लोणार उल्केच्या आघातानं झालेलं आणि पाणी खारट. पण चहूबाजूंनी बंद अशा पाण्यापुढे तिथे वाटणारा धाक इथेही वाटतो.

याच पाण्यात हेमलॉकचा एक ओंडका निदान १८९६ पासून उभाच्या उभा तरंगतो आहे. लोक त्याला ‘ओल्ड मॅन’ म्हणतात. १९३८ च्या उन्हाळ्यात त्याच्यावर नजर ठेवली, तेव्हा तीन महिन्यांत तो सुमारे शंभर किलोमीटर फिरला होता.

राष्ट्रीय उद्यान झालं १९०२ मध्ये, पण मासे त्याआधीच, १८८८ मध्ये सोडले गेले. इथे मूळचा मासा नव्हताच. त्या माशांना खाद्य म्हणून १९१५ मध्ये झिंग्यासारखे क्रेफिश आणले. याचं मला फार वाईट वाटतं. कारण माझामा न्यूट नावाचा पालीसारख्या अंगाचा उभयचर जगात फक्त इथेच आहे. पाण्यात त्याला खाणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याच्या जातभाईंच्या कातडीत असतं तेवढं विष त्याच्या अंगात नाही. क्रेफिश त्याला खातात, त्याचं अन्नही खातात, आणि किनाऱ्याचा फार थोडा भाग त्यांच्यावाचून उरला आहे. तेवढ्या खडकांत तरी न्यूट तगून राहावा, एवढंच मागणं मी त्या पाण्यापाशी मागितलं.