मला विचारा

रस्त्यावरच्या अपघातात माझा उजवा पाय गेला. गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरली आणि मग माझं नव्याने शिकणं सुरू झालं. उरलेल्या भागाला पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळायची, म्हणजे सूज उतरते आणि त्याला आकार येतो. कृत्रिम पायाचं सॉकेट सकाळी घट्ट बसतं, दुपारपर्यंत सैल होतं. मग आत एक मोजा वाढवायचा. रात्री पाय काढला की आरसा धरून कातडी कुठे लाल झालीय का ते बघायचं. आणि नसलेल्या अंगठ्यातून मध्येच कळ येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी घाबरून ह्यांना उठवलं. पाय बसवणाऱ्या सरांनी समजावलं, असं पुष्कळांना होतं. मेंदूच्या लेखी तो पाय अजून आहे.

हे सगळं कुणीतरी शिकवलं. माणसांसमोर कसं वागायचं, ते कुणीच शिकवलं नाही.

कुबड्या घेऊन ह्यांच्याबरोबर साडीच्या दुकानात गेले, तर दुकानदार ह्यांना म्हणाला, “वहिनींना कुठला रंग आवडतो?” मी समोरच उभी होते. दवाखान्यात कुठल्या औषधाचा त्रास होतो, तेही ह्यांनाच विचारलं गेलं. लग्नात एका मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि सासूबाईंना विचारलं, “कसं व्हायचं हो हिचं?” त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्यामुळे मला रागावताही येईना. मी नोकरी करते, घराचे हप्ते भरते. पाय गेला, माझं मत कुठे गेलं?

आता साडीखाली कृत्रिम पाय दिसत नाही, तर वेगळंच. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात चढले आणि एक काका ओरडले, “ताई, हा डबा तुमच्यासाठी नाही, उतरा!” मी निऱ्या उचलून पाय दाखवला. डबा गप्प झाला. काकांचा संताप मला कळतो. त्या डब्यात धडधाकट माणसं घुसतात आणि कुबडीवाल्याला दारात लटकावं लागतं. पण भर डब्यात साडी वर करावी लागली, ते मनातून जात नाही. आता दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड हातातच ठेवते.

तिसरी तऱ्हा कौतुकाची. भेटेल तो नृत्यांगना सुधा चंद्रन यांचं नाव घेतो. 1981 च्या बस अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गेला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या आणि 1986 च्या ‘नाचे मयूरी’त स्वतःचीच भूमिका केली. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण मला नाचायचं नाही, मला बसची उंच पायरी चढायची आहे. ती चढताना रोज कुणाला स्फूर्ती देणं माझ्याच्यानं होत नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. हा आधार मोठा आहे. पण मावशींना माझा अपमान करायचाच नव्हता. तिथे कायदा काय करणार? तिथे मलाच बोलावं लागेल, आणि तेच मी आता शिकतेय. परवा औषधाच्या दुकानातल्या मुलाने ह्यांच्याकडे बघून पैसे सांगितले. मी म्हटलं, “दादा, गोळ्या माझ्या आहेत, पैसे मला सांगा.” आवाज कापला, पण बोलले. तो लगेच माझ्याकडे वळला.

तुम्हाला मदत करावीशी वाटते, ते मला कळतं. पण न विचारता माझं कोपर धरलंत तर माझा तोल जातो. त्या क्षणी भार कुठल्या पायावर आहे, ते फक्त मलाच ठाऊक असतं. म्हणून आधी विचारा, आणि विचारायचं ते मला. नको म्हटलं तर राग मानू नका. हो म्हटलं, तर कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही मी सांगेन.