मुठीतील कचेरी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, लोणार या भागांत काळ्या दगडांची जुनी देवळे आढळतात. लोक त्यांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. हे नाव ज्या हेमाद्रीवरून आले, तो तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी ‘श्रीकरणाधिप’ होता. म्हणजे राज्याच्या लेखनकचेरीचा प्रमुख. मोडी लिपी त्यानेच रूढ केली, अशी परंपरा सांगते. परंपरा खरी असो वा नसो, मोडी कचेरीतच वाढली यात संशय नाही. टाक वारंवार न उचलता ओळ पुरी व्हावी, दिवसाकाठी चार कागद अधिक लिहून व्हावेत, हीच त्या लिपीमागची निकड होती.

पुढे राज्ये बदलली. कचेरीचे रूप मात्र फारसे बदलले नाही. एक इमारत, तीत मांडलेली मेजे, फडताळात रुमालांत बांधलेली दप्तरे आणि गाठ सोडून हवा तो कागद काढून देणारा कारकून. वऱ्हाडातल्या खेड्यात तर पटवाऱ्याचे दप्तर हीच गावाची कचेरी. खेडुताने दाराशी उभे राहावे, आपले नाव सांगावे आणि वाट पाहावी. आपल्याविषयी कागदावर काय लिहिले आहे, ते त्याला दिसत नसे; दिसले तरी वाचता येतच असे, असेही नाही.

ही कचेरी इमारतीबाहेर पडली ती संगणकाच्या आधाराने. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या दोघांचा ‘व्हिसिकॅल्क’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध झाला. त्याची कथा मोठी मौजेची आहे. ब्रिकलिन विद्यार्थी होता. वर्गात फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातील एक आकडा चुकला, की प्राध्यापकांना त्यावर आधारलेले पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. हे पुसणे-मांडणे यंत्राने का करू नये, असे त्याच्या मनात आले. त्यातून जे निपजले त्याला आज ‘स्प्रेडशीट’ म्हणतात. उभे स्तंभ, आडव्या ओळी आणि त्यांच्या छेदात घरे. घरात आकडा लिहावा, किंवा ‘वरच्या बारा घरांची बेरीज येथे दाखव’ अशी आज्ञा लिहावी. आज्ञा एकदा दिली, की वरचा आकडा बदलताच खालची बेरीज आपण होऊन बदलते.

दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, ॲडम ऑस्बोर्न याने हाती उचलून नेता येईल असा संगणक विक्रीस आणला. या गृहस्थाचे बालपण आपल्याच देशात, तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले होते. त्याच्या संगणकाबरोबर पत्रलेखनाचा आणि कोष्टकांचा असे दोन्ही कार्यक्रम मिळत. उचलून नेता येई हे खरे. पण वजन सुमारे ११ किलो! दोन वर्षांचे गुटगुटीत मूल कडेवर घेऊन हिंडावे, त्यातलाच प्रकार. आणि एवढ्या धुडाचा पडदा केवळ ५ इंचांचा, म्हणजे आजच्या साध्या स्मार्टफोनच्या पडद्याहूनही लहान होता.

आज खेड्यातील एखाद्या महिला बचतगटाच्या बैठकीस जाऊन बसावे. दहा-बारा जणी गोलाकार बसलेल्या असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन ही गटाची पंचसूत्री. त्यांतले पाचवे सूत्र सर्वांत चिवट. पूर्वी ते एका जाड वहीत कोंडलेले असे आणि वही लिहिणारी बाई आजारी पडली की हिशेब अडे. आता कित्येक गटांत वहीबरोबर सचिवताईंच्या फोनमध्येही कोष्टक असते. बारा जणींचे शंभर-शंभर रुपये लिहिताच तळाशी १२०० उमटतात. तेच कोष्टक अध्यक्षबाईंच्याही फोनवर दिसू शकते. हिशेब सर्वांना दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. पैशावरून तुटलेल्या गटांना ती विचारावी.

परंतु यंत्राची बेरीज अचूक असली, तरी त्याला दिलेला आकडा अचूक असतोच असे नाही. मराठीची एक खोडी आहे. आपण ‘सत्तावन्न’ म्हणतो तेव्हा एकम स्थानचा सात आधी उच्चारतो आणि दशक स्थानचे पन्नास मागाहून. एकीने आकडा सांगावा आणि दुसरीने घाईने कळा दाबाव्यात, की ऐकलेला सात आधी पडतो आणि ५७ चे ७५ होतात. दुसरी चूक शून्याची: ५०० च्या जागी ५०००. फोनच्या लहान पडद्यावर बोट एका घरावर टेकावे तर ते दोन घरे झाकते; म्हणून एकीची परतफेड शेजारणीच्या ओळीत जाऊन बसते. यंत्र कुरकुर करीत नाही. चुकलेल्या आकड्यांचीही ते तितकीच सुबक बेरीज करून दाखवते आणि ती सुबकताच माणसाला फसवते.

जुन्या हिशेबनिसांना यावर एक तोडगा ठाऊक असे. पेटीतील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत फरक आला, तर त्या फरकास ९ ने भागून पाहावे. ७५ मधून ५७ वजा केले तर १८ उरतात. ५००० मधून ५०० वजा केले तर ४५००. दोहोंना ९ ने नि:शेष भाग जातो. तुम्ही कोणतीही दोन अंकी संख्या उलटी करून वजाबाकी करून पाहा, हेच आढळेल. कारण एकम स्थानचा अंक दशक स्थानी गेला की तो दसपट होतो, म्हणजे नऊपटीने वाढतो, आणि दशकाचा एकमात आला की तेवढ्याच हिशेबाने घटतो. भाग गेला म्हणजे चूक हीच, असे मात्र ठरत नाही. संशय तेवढा योग्य जागी जातो. शेजारणीच्या ओळीत गेलेली रक्कम तर या युक्तीलाही सापडत नाही, कारण एकूण बेरीज बिघडतच नाही. ती सापडते प्रत्येकीचे नाव व रक्कम मोठ्याने वाचून दाखविल्यावरच. अक्षरओळख नसलेली एखादी म्हातारी अशा वेळी चटकन म्हणते, “माहे दोनशे कुठी गेले?” तिचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो.

हीच गोष्ट शेतातही घडू लागली आहे. पिकांची पाहणी करून सातबाऱ्यावर नोंद करणे हे काम पूर्वी पटवाऱ्याचे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याला ही नोंद स्वतःच्या फोनवरून करता येऊ लागली. बांधावर उभे राहावे, गट क्रमांक निवडावा, पीक व क्षेत्र भरावे, उभ्या पिकाचे छायाचित्र काढावे. फोन कोणत्या जागी आहे, तेही त्यात नोंदले जाते. शेतमालाची हमीभावाने खरेदी असो की अतिवृष्टीची मदत, सरकारी माणूस आधी ही नोंद पाहतो. नोंद चुकली, तर खरे पीक डोळ्यांसमोर डोलत असूनही कागदावर ते नसते.

घरोघरी हे काम बहुधा शाळकरी मुलांकडेच येते. त्यांची बोटे पडद्यावर लवकर चालतात. चिखली तालुक्यातील एखाद्या शिवारात पावसाची उघडीप पाहून बाप-लेक उभे असतात. मुलगा भराभर भरत जातो: हंगाम खरीप, पीक सोयाबीन, निर्भेळ. छायाचित्रही निघते. शेवटची कळ दाबण्यापूर्वी तो सगळे वाचून दाखवतो आणि बाप त्याचा हात धरतो.

“थांब रे पोरा, तूर राह्यली नं!”

सोयाबीनच्या तासांमधून तुरीच्या ओळी असतात. अजून वीतभरच, पण असतात. मुलगा मागे जातो, ‘निर्भेळ’ काढून ‘मिश्र’ निवडतो आणि किती तासांआड तूर आहे, हे मोजायला शेतात उतरतो.