न मोजता दिलेलं उत्तर

“जुन्या कॅबिनेटमध्ये नवीन मदरबोर्ड बसत नाही.” वरूडमध्ये दुकान टाकल्यापासून हे वाक्य मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. ते खरं नव्हतं. खरं नाही हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटता येईल. पण ज्याचं पोटच संगणक उघडण्या-जोडण्यावर चालतं, त्याला एवढं ठाऊक नसावं, ही सबब होऊ शकत नाही. मी कधी मोजलंच नव्हतं. विचारणाऱ्याला ठाम आवाजात उत्तर देत होतो आणि आवाज ठाम होता म्हणून समोरचा मान्य करत होता.

विचारणारे सगळे ओळखीचेच. संत्र्याचा माल नागपूरला धाडणारे, पतसंस्थेतले कारकून, लग्नपत्रिका करणारे, शाळेतले शिक्षक. दिवाळीनंतर संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा हातात आला की घराघरांतून संगणकाची चौकशी व्हायची. कोणी जुना डबा उचलून आणायचा आणि म्हणायचा, आतलं बदलून देता का? मी झाकणसुद्धा काढायचो नाही. “भंगारात देऊन टाका, नवीनच घ्या,” एवढं म्हणायचो. दोन-चार जण तरी माझ्यासमोरच कॅबिनेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवून गेले आहेत, लोखंडाच्या भावाने.

त्यात नफा होता, हे आधी सांगून टाकतो. नवीन कॅबिनेट विकलं की चार पैसे सुटतात. पण नफ्याहून मोठं कारण दुसरं होतं आणि ते कबूल करायला मला जास्त जड जातं. मला जुन्या वस्तूची लाज वाटायची. माझं दुकान म्हणजे तालुक्याच्या गावात आलेलं नवं युग, अशी माझी समजूत होती. काचेच्या दाराची, आतून रंगीत दिवे लागणारी कॅबिनेटं मी रस्त्यावरून दिसतील अशी मांडायचो. पिवळट पडलेला जुना डबा काउंटरवर आला की मला तो मागासपणा वाटायचा. आणणारा माणूसही मग मला थोडा मागासलेला वाटायचा. हे मी कधी बोललो नाही, पण लोकांना ते कळत असणार. बोलण्याच्या सुरातून सगळं कळतं.

टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मॅडम आल्या त्या अशाच एका डब्यासकट. २००० च्या आसपास घेतलेला पेंटियम थ्रीचा संगणक होता. पुढे फ्लॉपीची खाच, तिच्यावर सीडी ड्राइव्ह, त्याच्याही वर दोन रिकामे कप्पे, मोठं चौकोनी बटण. कितीतरी वर्षं बंदच होता. त्यांना आत आजचा संगणक हवा होता, बाहेरून हाच डबा. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही मोजलं का?”

मी म्हणालो, मॅडम, मोजायची गरज नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे ते. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे आधी मार्जिन मोजतात दादा, मग कागद चढवतात. तुम्ही मोजा. नाही बसलं तर मी नवीन घेते, माझी हरकत नाही.”

मला वाटलं, आठवणीसाठी चाललं असेल. तसं बोललोही. माझ्या मनात जुनी वस्तू हवी असणं म्हणजे भावनेचाच मामला होता, दुसरं काही असू शकतं हे सुचलंच नव्हतं. त्यांनी ते लगेच खोडून काढलं. “आठवण-बिठवण काही नाही. टाइपरायटर गेले तेव्हा किलोने गेले, त्यांचं मी काय करू शकत होते? परीक्षाच बदलली. पण ह्याचा पत्रा चांगला आहे. चांगला आहे तर फेकायचा कशाला?”

डबा ठेवून त्या गेल्या. तो तसाच कोपऱ्यात पडून राहिला. मला ते काम नको होतं.

शेवटी एका रात्री शटर अर्धं ओढून मी तो उघडला. बाजूचं झाकण काढतानाच पहिली गोष्ट लक्षात आली, ती त्याचं वजन. हल्लीची स्वस्त कॅबिनेटं मी एका हाताने उचलतो आणि त्यांचं झाकण बोटाने दाबलं तर आत जातं. हे झाकण दाबलं जात नव्हतं. पत्र्याच्या कडा आत वळवून दाबलेल्या होत्या. पातळ पत्र्याच्या धारदार कडांनी माझ्या बोटांना किती वेळा चिरा पडल्या आहेत, याला हिशेब नाही. इथे आत हात घालताना सांभाळावं लागत नव्हतं. धूळ मात्र भरपूर होती, उन्हाळ्यातली आपल्याकडची लाल-काळी धूळ, फॅनच्या पात्यांवर थर होऊन बसलेली. ब्लोअर मारला, जुना बोर्ड सोडवला. खाली पितळी खुंट्या तशाच घट्ट उभ्या होत्या.

मग दुकानातला एक नवा मायक्रो-एटीएक्स बोर्ड पिशवीतून काढला, कडांना धरला, एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, खालून तिरका आत घेतला आणि खुंट्यांवर टेकवला. बसणार नाही हे दिसावं, म्हणजे मॅडमना तसं सांगता येईल, एवढाच हेतू होता. मागच्या खिडकीतून पोर्ट बाहेर आले. बोर्डाच्या भोकांतून खाली पाहिलं तर प्रत्येक भोकाच्या मधोमध पितळेचं तोंड चमकत होतं. एकच भोक रिकामं होतं आणि त्याच्या बरोबर खाली पत्र्यात आटे पाडलेली एक मोकळी जागा होती. तिथे फक्त खुंटी लावायची राहिली होती. कारखान्यातल्या कोणीतरी ती सोय करून ठेवली होती, पुढे लागेल म्हणून.

मी स्क्रू लावला नाही. बोर्ड उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा तसाच. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बराच वेळ बसून राहिलो आणि डोळ्यांसमोर एकेक माणूस येऊ लागला. कोणाला काय म्हणालो होतो, कोणी किती पैसे मोजले होते. एका बाईंनी मुलासाठी संगणक घेताना दोनदा विचारलं होतं, “डबा तरी चालणार नाही का?” मी हसलो होतो. ते हसणं त्या रात्री मला फार लागलं.

यात जादू काही नाही, हेच तर लाजिरवाणं आहे. इंटेलने जुलै १९९५ मध्ये एटीएक्स हे माप जाहीर केलं. त्याआधी आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीवरून आलेलं एटी माप चालायचं. त्यात मागे कीबोर्डपुरतं एक गोल भोक असायचं आणि पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर यायची. एटीएक्सने सगळं ठरवून दिलं. पूर्ण बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मागची पोर्टांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५, एसएमपीएसचं तोंड १५० बाय ८६, भोकांच्या जागा पक्क्या. १९९७ च्या शेवटी २४४ बाय २४४ चा मायक्रो-एटीएक्स आला, त्याची बहुतेक भोकं आधीच्याच जागांवर. मागच्या कार्डांच्या खाचांमधलं ०.८ इंचाचं अंतर तर त्याहून जुनं आहे, आयबीएमच्या १९८३ च्या एक्सटीपासूनचं. खुद्द इंटेलने २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाचं वेगळं माप आणलं, आत हवा नीट खेळावी म्हणून. ते टिकलं नाही, २००६ मध्ये कंपनीनेच सोडून दिलं. ज्या क्षेत्रात प्रोसेसर दोन वर्षांत जुना ठरतो, तिथे ही भोकं तीस वर्षं जागची हललेली नाहीत. आणि मी विकत होतो त्या प्रत्येक बोर्डाच्या खोक्यावर “मायक्रो-एटीएक्स” छापलेलं होतं. रोज ते खोकं हातात धरून मी लोकांना सांगत होतो की बसत नाही.

बसलं म्हणजे काम संपलं असं नव्हे. खरी अडचण पुढे होती, आणि ती मोजल्यावरच दिसली. त्या काळच्या बऱ्याच कॅबिनेटांत एसएमपीएस उभा असतो, प्रोसेसरच्या अगदी डोक्यावर. उंच कूलर तिथे मावत नाही. म्हणून ६५ वॉटचा, स्वतःचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला आणि त्याच्यासोबत येणारा बुटका कूलर. जुना एसएमपीएस काढून टाकला. त्याला साटाची पिन नव्हती, प्रोसेसरसाठी वेगळी १२ व्होल्टची पिन नव्हती, आणि इतक्या जुन्या कपॅसिटरांवर नवा बोर्ड सोपवायची माझी तयारी नव्हती. नवा एसएमपीएस त्याच चार स्क्रूंवर बसला. पुढच्या दिव्याची पिन तीन खाचांची होती, नव्या बोर्डावर दोनच काड्या शेजारी-शेजारी. सुईने आतली पत्ती सोडवून मधल्या खाचेत सरकवली. एसएसडी बोर्डावरच लागली, त्यामुळे पुढचे सगळे कप्पे मोकळे झाले.

हवेचं काय करायचं, यावर मात्र मी फार विचार केला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला जातो. खोलीतली हवाच तेवढी तापलेली असेल तर कोणताही पंखा प्रोसेसरला त्याच्या खाली नेऊ शकत नाही, आणि शंभरच्या आसपास पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जुन्या कॅबिनेटला पुढून हवा घ्यायला खाली चार बारीक फटी, त्यांच्या मागे पुन्हा पत्रा. म्हणजे हवा यायची ती चोरपावलांनी. तो पत्रा गोल कापायला मी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तो बगीच्यांची गेटं आणि शटरं करतो. संगणकाचं काम याच्याकडे न्यावं लागतंय, याचाही मला कमीपणा वाटत होता, तेही लिहून टाकतो. त्याने पत्र्यावर नख वाजवून पाहिलं. “भाऊ, असा पत्रा आता भेटत नाही. ग्राइंडर नाई लावत याले, कडा जळतीन. होल सॉनं पाडतो अन् कानस मारतो.” तासाभरात त्याने असं गोल भोक पाडलं की आतून बोट फिरवलं तरी कुठे अडत नव्हतं. त्याच्यापुढे पंखा आणि मच्छरदाणीची जाळी लावली, वरच्या दोन रिकाम्या कप्प्यांच्या झाकणांनाही मागून जाळी दिली. मॅडमना एवढंच बजावलं की डेझर्ट कूलरच्या थेट झोताला ठेवू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत ओढली जाते.

पिवळा रंग काढू का, असंही विचारलं होतं. प्लॅस्टिक आगीपासून जपायला त्यात ब्रोमिनची संयुगं घालत, ती उन्हाने आणि वयाने पिवळी पडतात, असं मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की बरंच पांढरं होतं. “कशाला?” म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

मे महिन्याच्या भर दुपारी तो संगणक माझ्याच दुकानात मी तासन्‌तास पूर्ण भारावर चालवला. वेग कुठे पडला नाही. शेजारी पुढून काच बंद असलेलं, मी हौसेने विकत आलेलं कॅबिनेट होतं, तसाच प्रोसेसर, तसाच कूलर. ते जास्त तापत होतं. हवा आत यायला काचेत जागाच नाही. हे आकडे स्क्रीनवर बघताना मला आनंद झाला की वाईट वाटलं, नीट सांगता येत नाही. दोन्ही झालं.

बाहेरच्या जगात हे कधीच सुरू झालेलं आहे. जुन्या डब्यात नवं यंत्र बसवणारे हौशी लोक जगभर आहेत. तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीने २०२३ च्या एक एप्रिलला जुन्या धाटणीच्या बदामी कॅबिनेटचं चित्र गंमत म्हणून टाकलं होतं. लोकांनी ते इतकं उचलून धरलं की कंपनीने पुढे खरंच तसं कॅबिनेट काढलं. जे मी लोखंडाच्या भावाने घालवायला लावलं, तसं दिसणारं आता नवीन म्हणून विकत मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला पाव भागसुद्धा रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद नाही. वरूडचे माझे डबे त्यात मोजणीलाही येणार नाहीत. पण ते माझ्या तोंडून तिकडे गेले.

आता कोणी जुनं कॅबिनेट आणलं की मी आधी झाकण काढतो. एटी असेल तर सांगतो, मागे खिडकी कापावी लागेल, बटणाची वायरिंग बदलावी लागेल, खर्च नव्या कॅबिनेटपेक्षा जास्त होईल, तुमचं तुम्ही ठरवा. काही ब्रँडेड संगणकांत बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. तिथे खरंच बसत नाही आणि तसं सांगतो, पट्टी लावून. काचेची कॅबिनेटं अजूनही विकतो, ज्याला हवी त्याला. फक्त पुढून जाळीची मागवतो.

ज्यांना खोटं सांगितलं त्यांच्यातल्या बहुतेकांना गाठणं शक्य नाही. एक शेतकरी मात्र परवा प्रिंटरची शाई घ्यायला आले. त्यांना मी नवीन कॅबिनेट घ्यायला लावलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. शाई देता देता सांगून टाकलं की काका, तुमचं जुनं कॅबिनेट चाललं असतं, मी चुकीचं सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

“मंग तवाच काऊन नाई सांगतलं?”

“मी मोजलंच नव्हतं.”

त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. कॅबिनेटचे पैसे परत देतो म्हटलं, तर हात झटकला. शाईचे पैसे ठेवले, दारापर्यंत गेले, मग वळून म्हणाले, “थे डबडं म्या भंगारात नव्हतं देल्लं. वावरातल्या कोठ्यात पडून हाय. आनू काय?”

“आणा,” म्हटलं. “झाकणासकट आणा, स्क्रू हरवले असतील तर माझ्याकडे आहेत.”