सेल्फ मारण्याआधी

उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना तापलेली गाडी टोचनने गॅरेजात येते, तेव्हा मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं: "गरम झाली म्हणून बंद केली, थंड होऊ दिली, पण आता सुरूच होत नाही." यावर माझा पहिला प्रश्न असतो, "सेल्फ किती वेळा मारलात?" दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा या उत्तरावर ठरतो.

भीती असते ती पाण्याची. हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर सारख्याच तापमानाला हेड जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. जास्त तापलं की ते वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं. इंजिन बंद केलं तरी कूलंटमधला दाब लगेच उतरत नाही. तो फुटलेल्या जागेतून पाणी सिलिंडरमध्ये ढकलतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला, तर पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

म्हणून आमची तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू होते. इंजिन थंड झाल्यावर ऑइलची पट्टी काढायची. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. मग सगळे प्लग काढायचे. एक प्लग तांबूस-काळपट आणि शेजारचा धुऊन पुसल्यासारखा लख्ख दिसला, तर पाणी त्या लख्ख प्लगच्या सिलिंडरमध्ये गेलं असं समजावं. त्यानंतर गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावायचा आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. प्लग काढूनही फिरत नसेल, तर पिस्टन किंवा बेअरिंग धरलंय. फिरलं, तरच सेल्फ मारायचा. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकातून फवारा उडतो, तेव्हा तोंड लांब ठेवावं.

प्लग परत लावले की कान कामाला येतात. चांगलं इंजिन सेल्फवर अडखळत, ठेक्यात फिरतं, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबत असतो. एकसुरी, भरभर घरघर आली तर कॉम्प्रेशन गेलंय. मग गेज लावायचा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १५० ते १८० पीएसआयच्या आसपास दाब मिळतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालंय. सगळेच कमी असतील तर प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह, टायमिंग किंवा हेडकडे बघायचं.

कॉम्प्रेशन बरोबर निघालं तर मालकाचं नशीब थोर. मग स्पार्क आणि पेट्रोलचा शोध. क्रँक सेन्सर हा इथला नेहमीचा संशयित. तापला की सिग्नल देणं थांबवतो, थंड झाला की काही काळ शहाण्यासारखा वागतो. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला, की आधी त्याची वायरिंग बघायची आणि मग तो.

एका गैरसमजाने बरीच इंजिनं खाल्ली आहेत. टेंपरेचरचा काटा अचानक खाली आला, की चालकाला वाटतं गाडी थंड झाली. पण इंजिनातलं पाणीच संपलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचं तापमान दाखवतो. खरं तर तेव्हा इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

हेड उतरवावं लागलं तर त्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बाक मोजलाच पाहिजे. बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिलीमीटरच्या वर बाक चालत नाही. फेसिंग न मारता नुसतं गॅस्केट बदलून दिलं, तर ते टिकत नाही. फॅनचा रिले, चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, गळका वॉटर पंप यांपैकी गाडी मुळात कशामुळे तापली ते सापडलं नाही, तर नवं हेडही जाईल. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नव्हे; नवा बसवावा. गाडी ताब्यात घेताना "ती का तापली होती?" एवढं विचारा. मेकॅनिककडे त्याचं उत्तर नसेल, तर काम अर्धंच झालंय.