वारीतला फिरता संसार

आषाढाच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर दोन वाऱ्या चालतात. एक टाळमृदंगाची, पायी जाणारी. दुसरी चाकांची, दिंडीचे बिऱ्हाड घेऊन पुढच्या मुक्कामाला धावणारी. पहिलीचे कौतुक सारेच करतात. आज दुसरीकडे पाहू.

ज्ञानोबा माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. लोणंद, फलटण मागे टाकून ती धर्मपुरीपाशी आपल्या जिल्ह्यात येते. मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. तुकोबारायांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला उतरते, तर शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापूर, मंगळवेढ्यावरून येते.

या वाटेवर दिंडीची मालमोटार म्हणजे चालते घरच. तंबू, शिधा, भांडी, वळकट्या, औषधाची पेटी, सारे तिच्या हौद्यात. वारकरी पोचण्याआधी ती मुक्कामाला लागते, चुली पेटतात, राहुट्या उभ्या राहतात. पूर्वी हे ओझे बैलगाड्या वाहत. १९५४ पासून जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज मालमोटारी बनू लागल्या, १९८६ साली छोटी टाटा ४०७ आली आणि दिंड्यांना आपापल्या ऐपतीप्रमाणे गाडी निवडता येऊ लागली.

पण निवडायची कशी? मोठी गाडी ती चांगली, असा हिशेब इथे चालत नाही. दीडशे माणसांच्या दिंडीला माणशी दहा लिटर पाणी धरले, तरी दीड हजार लिटर होते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन दीड टन! त्यात शिधा आणि तंबू मिळवा. वजनाची बेरीज आधी कागदावर करावी, मग नोंदणी पुस्तकात गाडीला किती भार मंजूर आहे ते पाहावे. पाण्याला वेगळा टँकर असेल, तर सहाचाकी गाडीत पुष्कळ दिंड्यांचे भागते.

दुसरी गोष्ट जमिनीची. मुक्काम बहुधा रानात, आणि माळशिरस-पंढरपूरची काळी जमीन पावसात कशी धरते ते शेतकऱ्याला सांगायला नको. भरलेली दहाचाकी गाडी एकदा रुतली, की ती निघेपर्यंत दिंडी उपाशी. म्हणून जड गाडी रस्त्याकडेच्या मुरमावर ठेवावी आणि सामान तिथून आत न्यावे.

तिसरी गोष्ट घाटाची. आळंदीहून येताना दिवे घाट लागतो. निघण्याआधी ब्रेक, पाटे आणि टायर मेस्त्रीला दाखवावेत. भाड्यात शंभर-दोनशे सुटले म्हणून गुळगुळीत टायरांची गाडी घेऊ नये.

हौद्याचा तळ जमिनीपासून बराच उंच असतो. सामान काढताना बायाबापड्यांना चाकावर पाय देऊन चढावे लागते. फाळक्याला अडकवायची लोखंडी शिडी गावचा लोहारही करून देईल. गॅसची टाकी उभी बांधून न्यावी, चालत्या गाडीत शेगडी पेटवू नये आणि रात्री गाडीखाली कुणी झोपू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पाय सुजलेल्या आजीला सामानावर बसवून नेण्याची रीत जुनी आहे, पण ती घातकी आहे. मालमोटार माणसे वाहण्यासाठी नसते. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. अपघात झाला तर घरचे माणूसही जाते आणि मागच्यांच्या हाती काही पडत नाही. थकलेल्या वारकऱ्यांसाठी दिंडीने एक प्रवासी जीप वेगळी ठरवावी. वर्गणीत माणशी थोडी भर पडेल, पण आजी धडपणे वाखरीला पोचेल.

तेव्हा गावच्या बैठकीत गाडीचे भाडे ठरवण्याआधी चार माणसांनी गाडी डोळ्यांनी पाहून यावी. त्यांत स्वयंपाक सांभाळणारी एखादी बाई जरूर असावी. अठरा दिवस त्या हौद्यातून संसार तिलाच काढायचा असतो.